वीतभर उघडं

झाडीपट्टीत थंडी तशी थोड्या दिवसांची. दिवाळीनंतर येते, संक्रांतीपर्यंत मुक्काम ठोकते आणि होळीआधी निघूनही जाते. चंद्रपूर म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो, ४५-४६ अंशांचा. पण त्याच चंद्रपुरात आणि पलीकडे गडचिरोलीत डिसेंबरच्या पहाटे पारा कधीकधी १० अंशांच्याही खाली उतरतो. धान निघालेलं असतं, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरत असतात आणि माणसं ब्लँकेटं गुंडाळून मांडवात रात्र काढतात. याच दिवसांत घरामागच्या सांदवाडीतल्या खुराड्यांवर पोती चढू लागतात.

या मायेला नावं ठेवता येत नाहीत. आपल्याला हुडहुडी भरली, तर त्या मुक्या जिवाचं काय होत असेल? मग आधी पोतं, पोत्यावर ताडपत्री, फटींत तणस आणि दारावर जुनी गोधडी. मुंगीलाही वाट राहत नाही. पहाटे दार उघडलं की नाकात झणका बसतो, डोळ्यांत पाणी येतं. थोड्याच दिवसांत कोंबड्या शिंकू लागतात, एखादीच्या घशात घरघर सुरू होते. ‘गारठा बाधला’ म्हणत आपण आणखी एक पोतं शोधायला निघतो.

गारठ्यावर हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो. कोंबडीचं अंग सुमारे ४१ अंशांचं, आपल्याहून चार अंश गरम. रात्री ती पिसं फुगवते, पिसांत हवा धरून ठेवते, चोच पंखात खुपसते आणि पायांवर पोट टेकवून बसते. हवी तेवढी ऊब तिच्या अंगावरच असते. तिचा मूळपुरुष लाल रानकोंबडा. तो आजही मध्य आणि पूर्व भारताच्या रानात झाडाच्या फांदीवर झोपतो. वर पानं, बाकी चहूकडे मोकळं. त्याला पोतं कोण बांधतं?

कोंबडीला नडते ती ओल. तिला घाम येत नाही, मूत्राशयही नसतं. अंगातलं पाणी बाहेर पडतं ते श्वासातून आणि विष्ठेतून. दांडीवर बसून रात्रभर ती जे खाली टाकते, त्यावर जंतू काम करतात आणि अमोनिया उठतो. जमीन ओली असेल तर आणखी जोरात. तो श्वासनळीचं अस्तर खरवडत जातो, मग कुठल्याही रोगाला दार उघडंच. शिवाय कोंबडीच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्या थेट पोटापर्यंत पसरलेल्या. वाईट हवा आत गेली की पार खोलवर जाते.

दुसरा घोळ छपराचा. गरम, दमट हवा वर चढते. वर वाट मिळाली तर निघून जाते. नाही मिळाली तर थंड पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि पहाटे थेंब थेंब कोंबड्यांच्याच पाठीवर पडतं. भिजलेली पिसं ऊब धरत नाहीत. ज्या गारठ्याच्या भीतीने फटी बुजवल्या, तो आपणच आत तयार केलेला असतो. कवेलूंच्या सांध्यांतून ही वाफ आपसूक निघून जायची. पत्रा आला, पावसाची काळजी मिटली. पण वाफेची वाट बंद झाली.

धानोरा तालुक्यातल्या एका मावशींच्या सांदवाडीत मी जुन्या पद्धतीचं खुराडं नीट बघून घेतलं. चार खांब, त्यावर जमिनीपासून हातभर उंच माच. तिन्ही बाजूंनी खालचा भाग कुडाचा, शेणमातीने लिंपलेला, कोंबड्या बसतात त्या दांडीच्याही वर जाणारा. त्याच्या वर मानवेल बांबूच्या कांबींचा विरळ विणलेला तट्टा, आणि वळचणीखाली दोन समोरासमोरच्या बाजूंना वीतभर जागा मोकळीच. दार दक्षिणेला, कारण हिवाळ्यातला झोंबरा वारा उत्तरेकडचा. वारा कोंबडीच्या अंगावर येत नाही, तिच्या डोक्यावरून निघून जातो. खाली धानाचा कोंडा पसरलेला. मावशींनी पहाटे दार उघडलं, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, “वास आला तं कोंडा बदलवाचा जी, पोतं नाही वाढवाचं.”

बर्फाच्या मुलखातही हेच शहाणपण लोकांना गवसलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉ. प्रिन्स वुड्स यांनी समोरून उघड्या खुराड्यांचा पुरस्कार केला. दक्षिणेची बाजू जाळीची, बाकीच्या भिंती घट्ट, खोली लांबोडकी आणि कोंबड्या मागच्या टोकाला. पाणी गोठवणाऱ्या थंडीत ज्या पाखराला उघडी बाजू चालते, त्याला आपल्या पौषाचं काय भय?

आपल्याकडे भय आहे ते वेगळंच. रात्री रानमांजर येतं, साप येतो, जंगलालगतच्या गावांत बिबट्याही अंगणापर्यंत येतो. पोती बांधण्यामागे ही धास्तीही असते, आणि ती खरी आहे. पण पोत्याने रानमांजर अडत नाही, पंजाच्या एका फटक्यात ते फाटतं. मोकळ्या जागेला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी खिळ्यांनी पक्की ठोकावी. सहाकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. बाकीचं सामान गावातलंच. बांबूसुद्धा: धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबू पावसाळा सरल्यावर तोडावा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे त्याला भुंगा कमी लागतो.

हवेशीर खुराड्याने मानमोडी टळत नाही. तिच्यासाठी लसच टोचून घ्यावी लागते. हिवाळ्यात अंडी कमी होतात तीही बरीचशी दिवस लहान झाल्यामुळे, पोत्यांनी ती वाढणार नाहीत. तेव्हा यंदा पोतं बांधायचंच असेल तर उत्तरेच्या बाजूला आणि दांडीच्या उंचीपर्यंतच बांधा. वरची वीतभर जागा, जाळी ठोकून, उघडीच राहू द्या.