सांडव्यातली पोती

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ओढ्यावर मातीचा एक बांध आहे. उंची जेमतेम पाच मीटर. रानातून येणारा लोंढा तिथं अडतो आणि खालच्या भातात बेतानं उतरतो. एवढंच त्याचं काम.

गेल्या जुलैत दोन दिवस गेलो होतो. काका म्हणाले, "इंजिनियर आहेस न्हवं तू? चल, बांध बघून येऊ." मी बी.ई. झालो ते कॉम्प्युटरमध्ये. पण गावात इंजिनियर म्हणजे इंजिनियर.

काका बांधावर चढलेच नाहीत, आधी पायथ्याला गेले. तिथं पाझर होता. ओंजळीत पाणी धरून म्हणाले, "निवळ आहे. गढूळ आलं की समजायचं, आतली माती निघालीय." खेकड्याचं बीळ किंवा मेलेल्या झाडाचं कुजलेलं मूळ पाण्याला वाट देतं, मग पाणीच ती वाट रुंद करत जातं. म्हणून बांधावर गवत चालतं, झाड नाही. (आमच्या ऑफिसात अशी धोक्याची सूचना दिसली, तरी 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' म्हणतात.)

मग सांडव्याकडं गेलो. तोंडाशी वाळूची पोती रचलेली! पाणी माथ्यापासून हातभर खाली. दगडी धरणावरून पाणी गेलं तर बहुधा निभावतं. मातीच्या माथ्यावरून गेलं की बांध कापत जातं. पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं, कोकणातलं तिवरे 2 जुलै 2019 च्या रात्री. दोन्ही मातीचीच. आमच्या बांधाखाली सहा घरं आहेत.

पोती कुणाची, हे काकांना विचारावं लागलं नाही. त्यांचाच मुलगा, माझा दादा, मागून आला. "चैत्रात माझी मिरची वाळली तेव्हा कोण आलं होतं बघायला? चार बोटं पाणी जास्त राहिलं तर काय बिघडलं?"

त्याचं अगदीच चूक नव्हतं. मला उत्तर सुचलं नाही. काका काही न बोलता वाकले आणि पहिलं पोतं ओढू लागले. सत्तरी उलटलेला माणूस. मीही वाकलो. चौदा पोती निघाली. दादा छत्री धरून उभा होता.

त्या रात्री धो धो कोसळलं. पहाटे काका एकटेच जाऊन आले. "सांडवा मांडीएवढा वाहतोय," चूल फुंकत म्हणाले, "खाली पाणी निवळ आहे."

दादा अजून माझा फोन घेत नाही. उन्हाळ्यात त्याच्या मिरचीसाठी शेततळं खणायचं म्हणतोय, निम्मा खर्च माझा. ते त्याला कसं सांगायचं, हे ठरत नाही.