काळी, पिवळी आणि मधली नारिंगी

मे महिन्यातल्या भर दुपारी अडीच वाजता मोबाइलवर फोटो आला. चेहरा नव्हता, नुसतं डोकं. मुळाशी बोटभर हळदीसारखं पिवळं, त्याखाली संत्र्याच्या सालीचा रंग, आणि खांद्याखाली टोकांपर्यंत काळंकुट्ट. सोबत एकच ओळ : ‘मामी, मारबत झाली मी.’

नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते, आणि वर्षभराची इडापिडा त्यांच्याबरोबर गावाबाहेर धाडली जाते. माझ्या नणंदेच्या मुलीने दोघींना एकाच डोक्यावर बसवलं होतं. वर त्या दोघींच्या मध्ये संत्रानगरीची निशाणी. मला हसू आलं आणि लगेच पोटात गोळाही आला, कारण लग्न अठरा दिवसांवर होतं. तिचं नव्हे, तिच्या भावाचं. तरी फोटो सगळ्यांचेच निघतात.

‘आहे तिथेच थांब,’ मी लिहिलं. ‘धू. पुन्हा काही लावू नको. ये.’

मी प्रतापनगरला पार्लर चालवते. सव्वीस वर्षं झाली. या काळात काळा रंग लावायला जितक्या बायका आल्या, त्याच्या निम्म्या तरी तो काढायला आल्या असतील. लावताना कुणी विचार करत नाही. दहा-वीस रुपयांची पुडी, एक वाटी पाणी, अर्धा तास. काढायची वेळ येते तेव्हा कळतं की ती पुडी आपण भाड्याने आणलेली नव्हती.

पोरगी आली ती डोक्याला ओढणी गुंडाळून. मी आधी वही काढली. माझ्याकडे जुनी जाड वही आहे. ज्या डोक्यावर ब्लीच करायचं, त्याची कानामागची चार-दोन केसांची बट कापून आधी तिच्यावर प्रयोग करते आणि मग पानावर चिकटवते. शेजारी तारीख, किती व्हॉल्यूम, किती मिनिटं. आणि वर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : याआधी काय काय लावलं?

‘काहीच नाही. फक्त काळी मेंदी. आणि मध्ये एकदा पुडी. म्हणजे दोन-तीनदा.’

या ‘फक्त’वर माझा धंदा उभा आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तिचे केस मुळापासून चाळीस सेंटिमीटर. म्हणजे टोकाकडचा केस जवळपास तीन वर्षांचा. त्याने तिचा बारावीचा निकाल पाहिलेला. त्यानंतर जितक्या वेळा तिने डोक्यावर रंग थापला, तितके थर टोकांवर चढले आणि मुळाकडचा बोटभर केस मात्र कोराच राहिला. डोकं एक असलं तरी त्यावर तीन वेगवेगळ्या प्रकारचे केस होते, आणि तिने तिन्हींना एकच औषध, एकाच वेळी, वरून खाली लावलं होतं. डोक्याच्या उबेने मुळाशी ब्लीच झपाट्याने चढतं. म्हणून मुळं नेहमी शेवटी घ्यायची असतात. तिने सुरुवातच तिथून केली.

हातात डेव्हलपर, म्हणजे ब्लीच पावडरीत कालवायचं पेरॉक्साइड, होता ४० व्हॉल्यूमचा. ‘लवकर होतं म्हणून.’ २० व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन सुटू शकतो, टक्क्यांत सांगायचं तर ६ टक्के पेरॉक्साइड. ४० म्हणजे १२ टक्के. घरी, स्वतःच्या हाताने, आरशात पाठीमागचं दिसत नसताना १२ टक्के वापरणं म्हणजे गॅस फुल्ल करून दूध उतू जायची वाट बघणं. मी पार्लरमध्येसुद्धा टाळूजवळ २०च्या वर जात नाही.

त्यात दुपार. पाकिटावर जी मिनिटं लिहिलेली असतात ती बंद खोलीच्या सामान्य तापमानाची असतात. पंचेचाळीस अंशांत नागपूरच्या माणसाला ती लागू नाहीत. आणि कूलर! तिने कूलरसमोर बसून ब्लीच केलं होतं. कूलरच्या वाऱ्याने लेप वरून वाळतो, आणि वाळलेलं ब्लीच काम करत नाही. म्हणजे डोक्याजवळ उबेने धावलं, टोकांकडे वाऱ्याने झोपलं. मुळं पिवळी आणि टोकं काळी राहण्याचं निम्मं कारण तिथेच होतं. उन्हाळ्यात हे काम करायचंच असेल तर मी सकाळी सातला बसते, कूलर दुसऱ्या खोलीत, बटांवर प्लास्टिक. आणि सगळ्यात आधी टाकी बघते. नळ गेला आणि डोक्यावर ब्लीच आहे, हा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. ड्रम भरून ठेवायचा.

पोरीला वाटत होतं, ब्लीचने ‘रंग’ जातो. लोकांना वाटतं तसं ते खोडरबर नाही. कलपाचे कण लावताना अगदी बारीक असतात. ते केसाच्या आत शिरतात आणि आत गेल्यावर एकमेकांना धरून मोठे होतात. खोलीतच जोडलेलं कपाट मग दारातून बाहेर निघत नाही, तसं. ही युक्ती यूजीन श्यूलर नावाच्या एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०७ साली बाजारात आणली. आजच्या पुडीचं तत्त्वही तेच आहे. ब्लीच त्याहून जुनं. पेरॉक्साइडने केस सोनेरी करून दाखवण्याचा खेळ १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनात झाला होता. तर हे ब्लीच आत जाऊन कपाट कुऱ्हाडीने फोडतं. पण कुऱ्हाडीला कपाट कुठलं आणि भिंत कुठली हे कळत नाही. कलपाबरोबर ते आपलं जन्माचं मेलॅनिन फोडतं, आणि केसाला ताणून धरणारे गंधकाचे जोडही काही ना काही तोडतंच. ‘केसांना काहीही न होता’ ब्लीच करून देणारी बाई मला अजून भेटलेली नाही. किती होऊ द्यायचं, एवढंच आपल्या हातात.

आणि नारिंगी? काळ्यापासून पिवळ्याकडे जाताना ते लागणारच. नागपूरहून मुंबईला निघालात आणि वर्धा लागलं, तर गाडी चुकली असं कुणी म्हणत नाही. आपल्या केसांत मेलॅनिन भरपूर. तुटताना ते आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळं दिसतं. घाबरून बायका वर्ध्यालाच साखळी ओढतात आणि त्याच रात्री दुसऱ्यांदा ब्लीच लावतात. सत्यानाश होतो तो इथे.

मेंदीचं प्रकरण निराळं, आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या वहीचं पहिलं पान त्याचं आहे.

मी नवीन होते. एक बाई आल्या, शाळेत शिकवायच्या. केसांत चार सोनेरी बटा हव्या होत्या. ‘मी रसायन लावतच नाही, मेंदी लावते.’ मी खूश. मेंदी म्हणजे झाडाचा पाला, त्याचं काय भय. फॉइल लावली आणि दुसऱ्या बाईच्या भुवया करायला गेले. पाच मिनिटांत त्या म्हणाल्या, ‘ताई, इथे गरम लागतंय हो.’ हात लावला तर फॉइल चहाच्या भांड्यासारखी तापलेली. उघडली. वाफ आली, आणि बट माझ्या हातात आली, ओल्या शेवयांसारखी. त्या काहीच बोलल्या नाहीत. पैसे द्यायला पर्स उघडली, मी घेतले नाहीत. रस्त्यात पुढे कधी दिसल्या तर नमस्कार करायच्या. पार्लरला पुन्हा आल्या नाहीत. ती बट मी चिकटवून ठेवली.

मेंदीचा स्वतःचा रंग काळा नसतो. तांबडा, तपकिरी, फार तर चॉकलेटी. पुडीतल्या मेंदीने केस काळे झाले, तर त्यात दुसरं काही आहे : नीळ, नाहीतर कलपातलंच पीपीडी नावाचं रसायन, नाहीतर धातूचे क्षार. नीळ असेल तर ब्लीचनंतर केस हिरवट दिसू शकतात. धातू असेल तर पेरॉक्साइड भडकतं, तापतं, आणि केस जळतो. आपल्याकडे तर मेंदी रात्रभर लोखंडी कढईत भिजवायची पद्धत, चहाचं पाणी घालून. रंग गडद येतो म्हणून. तो गडदपणा कढईकडूनच आलेला असतो. कढईचं नाव ऐकलं की मी कात्री उचलते आणि बटेची चाचणी घेते. पार्लरची रीत अशी : ३० मिली २० व्हॉल्यूममध्ये अमोनियाचे वीस थेंब, काचेच्या वाटीत, त्यात कापलेले केस अर्धा तास. वाटी गरम झाली, बुडबुडे उसळले, घाण वास सुटला, की विषय संपला. घरी अमोनिया कशाला आणता; जे ब्लीच लावणार तेच थोडं कालवून कापलेल्या केसांना लावा आणि बाजूला बसून बघा. वीस-पंचवीस केस जातात. डोकं वाचतं.

पोरीची बट तापली नाही. देव पावला. पण मी तिला परत पाठवलं. दहा दिवस फक्त तेल आणि कंडिशनर, गरम यंत्र बंद, उन्हात जाताना ओढणी. ती रडकुंडीला आली. ओला केस ताणून दाखवला तिला. चांगला ओला केस थोडा लांबतो आणि परत जागेवर येतो. तिचा मुळाजवळचा केस लांबला आणि तसाच राहिला, चघळलेल्या च्युइंगमसारखा. त्याला पुन्हा हात लावायचा प्रश्नच नव्हता.

दहा दिवसांनी, सकाळी, आमच्याच घरी, बाल्कनीत बसलो. पार्लरमध्ये तिला लाज वाटत होती. ब्लीच पावडरची धूळ छातीत जाते. दमेकऱ्याने तर तिच्या वाटेला जाऊच नये, बाकीच्यांनी उघड्यावर, नाकाला रुमाल लावून कालवावी. एक भाग पावडर, दोन भाग २० व्हॉल्यूम. भांडं प्लास्टिकचं, चमचा स्टीलचा नाही. उरलेलं कधीही बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू धरतो आणि झाकण उडतं. आदल्या दिवशी शॅम्पू नाही, टाळूवर ओरखडा नाही हे पाहिलं. अर्ध्या बोटाच्या पातळ बटा घेऊन फक्त काळा भाग लेपला, आणि पिवळ्या मुळांवर जाड कंडिशनर थापला, म्हणजे ओघळ गेला तरी चढू नये.

मग बसून राहायचं. हे कुणी शिकवत नाही. दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या कापसाने पुसून बघायची, नाहीतर हात मांडीवर. पोरगी मोबाइल चाळत होती, मधूनच म्हणायची, ‘अजून थोडं राहू द्या ना मामी, पिवळं होईल.’ तिला त्या कोरियन मुलींसारखा राखाडी हवा होता. पस्तिसाव्या मिनिटाला टोकं विटकरी-नारिंगी झाली आणि मी धुऊन टाकलं. तिचं तोंड उतरलं. पण मला नारिंगीच हवं होतं. वरून जो मधाळ तपकिरी रंग द्यायचा, त्याला खाली ऊब लागते. फिकट पिवळ्यावर तपकिरी टाकला तर शेवाळ्यासारखा दिसतो. म्हणून पिवळ्या मुळांना उलट थोडा तांबूस आधी भरावा लागला. त्या रंगाची पॅच टेस्ट मी दोन दिवस आधीच तिच्या कानामागे केली होती. अठ्ठेचाळीस तास, खाज नाही, लाली नाही. तेव्हा तिने मला म्हातारी म्हटलं होतं.

सासूबाई हे सगळं झोपाळ्यावरून बघत होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या. गेली तीसेक वर्षं दर महिन्याला कलप. पोरीचे केस वाळले, उन्हात मधासारखे चमकले, तशा त्या म्हणाल्या, ‘माह्ये बी करून दे. मले आता हे काळं नाही पाहिजे. पांढरं पाहिजे.’

मी त्यांच्या भांगात बोट फिरवलं. टाळू कागदासारखी पातळ, केस रेशमाइतके बारीक. खाली मूळचं मेलॅनिन जवळजवळ उरलेलंच नाही, आहे तो सगळा तीस वर्षांचा कलप. ब्लीचने कलप गेला असता आणि बहुतेक केसही गेले असते.

‘आई, तुम्हाला मी लावणार नाही.’

‘कायले? पोट्टीले लावलं ना?’

मग समजावलं. कलप थांबवा. महिन्याला एक सेंटिमीटर पांढरं येईल. तीन-चार महिन्यांनी मी खालचं काळं कापते, आणखी काही महिन्यांनी पुन्हा. मध्ये दोन रंगांचं दिसेल. त्यांनी विचार केला. ‘मंग मीच मारबत,’ म्हणाल्या, आणि झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

पोरीच्या भावाचं लग्न आटोपलं. फोटो बरे आले. सासूबाईंनी मात्र पाच महिने कुठल्याही समारंभात पदर डोक्यावरून घेतला आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात स्वतःच मोडा घेऊन बाल्कनीत येऊन बसल्या. मी खांद्यापर्यंत कापले. खाली काळं पडत गेलं, वर जे उरलं त्यात चार बोटं पांढरं. त्यातलीच एक बट, अर्धी काळी अर्धी पांढरी, त्यांनी माझ्या हातात दिली. ‘हे बी चिकटव तुह्या वहीत.’

चिकटवली. तारीख टाकली. व्हॉल्यूमच्या रकान्यात रेघ ओढली. मिनिटांच्या रकान्याशी माझं पेन अडलं, तर त्यांनी चष्मा सावरत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, ‘लिही ना, पाच महिने.’