जवाब

लकडगंजच्या आरा मशीनवर सागाचा ओंडका मधोमध चिरला की दोन्ही फळ्यांवरच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. लहानपणी अब्बांसोबत गेलो की मी तेच बघत बसायचो. दाराच्या दोन पल्ल्यांना अशी जोडी मिळाली की मिस्त्री खूश.

ती दारं नव्या लेआउटमधल्या घरांना लागायची. 1936च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला आणि शहरात सरळ रस्ते, मापाचे प्लॉट पडत गेले. इतवारीच्या बोळांतून आलेल्याला तिथली हवा, उजेड म्हणजे नेमतच. पण माणसं जिथे बसून बोलतात ती चहाची टपरी नकाशात नव्हती. ती नंतर कोपऱ्यावर आली.

आपाच्या चेहऱ्याची जोडी मात्र जुळत नव्हती. लकव्यानंतर तिच्या ओठांचा डावा कोपरा खालीच राहिला. बघायला आलेले लोक नाश्ता करून 'कळवतो' म्हणत गेले.

दोन्ही बाजू सारख्या असलेला चेहरा डोळ्याला आवडतो, असं संशोधक सांगतात. पण फोटोचा एकच अर्धा भाग उलटवून जोडा, ओळखीचा माणूस अनोळखी दिसतो.

ताजमहालात मशिदीच्या समोर, तोल साधायला बांधलेल्या इमारतीला 'जवाब' म्हणतात. त्या काटेकोर मोजमापात शाहजहानची कबर तेवढी मधोमध नाही. ती मुमताजच्या बाजूला आहे.

आता आम्ही माझ्या मुलासाठी मुलगी बघतोय. परवा एक फोटो पाहून मीच म्हणालो, ''एक डोळा बारीक वाटतो.''

आपा समोरच होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे जवाब नव्हता.