चामोट्यावरची हिरवी पेस्ट

झाशी



तुझे पत्र पोचले. जुना जर्मन, सोलिंगेनचा वस्तरा घेतलास, तो परजायला चामोटा घेतलास, आणि दुकानदाराने गळ्यात मारलेली हिरवी पेस्ट आता त्या चामोट्याला चोपडू का, असे विचारतोस. चोपडू नकोस. तो कोराच राहू दे. पेस्टसाठी वेगळी सोय कर. तीन बोटे रुंद चामड्याची पट्टी सपाट फळीवर चिकटवलीस तरी भागते. पेस्ट प्यालेले कातडे पुन्हा कोरे होत नाही, आणि रोजच्या कामाला कोरेच कातडे लागते.

मुळात पेस्टने धार लागत नाही, लागलेली धार राखली जाते. बोथट वस्तऱ्याला निसणाच हवा. केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद कसे बोथटते, याचा शोध 2020 साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. केस पोलादाहून पन्नासपट मऊ. तरी कापताना तो वाकतो, आणि पोलादाची घडण जिथे सारखी नसते तिथे धारेचे बारीक टवके उडतात. म्हणजे धार नुसती झिजत नाही, तुटते. कोऱ्या चामड्याने ती सरळ होते, चकाकते. पण टवके वाढले की पोलाद थोडे खरवडावेच लागते. पेस्टचे काम तेवढेच.

ती हिरवी असते क्रोमियम ऑक्साइडमुळे. चांगल्या पेस्टचा कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. केसाच्या जाडीत असे शंभर कण शेजारी शेजारी सहज मावतील. लाल पेस्ट लोखंडाच्या ऑक्साइडची, ती आणखी सौम्य. हिऱ्याचीही मिळते, पण तिच्या वाटेला तूर्त जाऊ नकोस, ती पोलाद भराभर खाते. आणि पैसे वाचवायला हार्डवेअरच्या दुकानातून बफिंगची हिरवी वडी आणू नकोस. रेल्वेच्या वर्कशॉपात आम्ही तसल्या वड्यांवर जन्म काढला. त्यांत मेण असते, वर अ‍ॅल्युमिनाचे लहानमोठे कण मिसळलेले. नळाच्या तोटीला ते चालते, गालाला नाही. विकणाऱ्यांच्या बोलण्यावर तर मुळीच जाऊ नकोस. हा धंदा जाहिरातीवरच वाढला. लंडनच्या जॉर्ज पॅकवुडने 1790 च्या दशकात चामोटे आणि पेस्ट खपवायला वर्तमानपत्रांत इतक्या जाहिराती दिल्या, की 1796 साली त्या जाहिरातींचेच पुस्तक काढून विकले!

आता लावायची कशी ते. आधी पट्टीवर तळहात जोराने घास, कातडे कोमट होईल. मग मोहरीएवढे ठिपके दोन-दोन इंचांवर ठेव. बोटाने पसरू नकोस, तळहाताच्या टाचेने रगड, चांगला वेळ घेऊन. कातड्याचा मूळ रंग खालून दिसला पाहिजे आणि वर फक्त हिरवट झाक राहिली पाहिजे. बोट फिरवल्यावर थर हाताला लागत असेल तर जास्त झाली. जुन्या सुती फडक्याने पुसून काढ. मग पट्टी रात्रभर तशीच ठेव. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांचे बिघडते ते थर जाड ठेवल्यानेच. जाड थरात पाते रुतते, कातडे धारेभोवती वर येते आणि धार गोल होते. मग ती चकाकते, पण दाढीवर ओढते.

वस्तरा निजवून धर, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. पाठ पुढे, धार मागे. निसण्यावर याच्या उलट जातो, म्हणून नवखा माणूस चामडे कापून बसतो. टोकाला पोचलास की पाठीवर कूस बदलायची, धारेवर नाही. दाब द्यायचा नाही, वस्तऱ्याचे वजन पुरे. दहा फेऱ्यांत पट्टीवर काळसर रेघा दिसतील. ते तुझ्या वस्तऱ्याचेच पोलाद, तेव्हा हात आवर. मग पाते पुसायचे, आणि पुसल्याशिवाय कोऱ्या चामोट्याला लावायचे नाही, नाहीतर वेगळी पट्टी केलीस ती कशाला? शेवटी चामोट्याच्या कापडी बाजूवर वीसेक फेऱ्या, कातड्यावर चाळीसेक. टांगता चामोटा ताणून धर, त्याला झोळ पडला तरी धार गोलच होते.

इथल्या न्हाव्यांना विचारावे म्हटले, तर आता सगळीकडे अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा. एड्सच्या धास्तीनंतर गिऱ्हाईकच नवे ब्लेड डोळ्यांदेखत फोडायला लावू लागले, ते योग्यच झाले. पूर्वीचे कारागीर चामोटा नसेल तर तळहातावरच पाते फिरवत. तू तो प्रयोग करू नकोस.

तुझ्या आजीला घरात वस्तरा दिसलेला खपत नसे, हे तुला कुणी सांगितले नसेल. तिच्या आत्याचे केशवपन झालेले तिने लहानपणी पाहिले होते. ज्या झाशीत राजे गंगाधरराव 1853 साली गेल्यावरही राणी लक्ष्मीबाईने केस ठेवले, त्याच गावातल्या मराठी घरांत ही रीत पुढे किती वर्षे चालू राहिली! तिकडे मुंबईत 1890 साली कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचे नाकारले. हातात वस्तरा असणाऱ्यांनी नाही म्हटले, याचे मला फार मोल वाटते. आजीच्या देखत मी कधी वस्तरा उघडला नाही. घरात वस्तरा चालेल का, हे तूही आईला विचारून ठेव.

पुण्याच्या पावसात कार्बन स्टीलला एका रात्रीत गंज धरतो. दाढी झाली की पाते कोरडे करून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लाव; खोबरेल नको, ते चिकटते. चामोट्याला मात्र तेल पाजू नकोस, हाताचा घाम त्याला पुरतो.

दिवाळीला येशील तेव्हा वस्तरा घेऊन ये, धार मी बघतो. विमानाने येणार असलास तर तो हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, काढून घेतील. त्यापेक्षा झेलम एक्सप्रेसने ये. आणि पेस्टची दुसरी नळी मागवू नकोस, आहे ती नीट वापरलीस तर दहा वर्षे पुरेल.

तुझा,
काका