आधी शाळा, मग घर

आपल्या व्यापारी कुटुंबांत गाव बदलण्याचा विचार निघाला की पहिली चर्चा दुकानाच्या जागेची होते. पेठ कोणती, भाडे किती, उधारी किती दिवसांची, याचा काथ्याकूट महिनोन्‌महिने चालतो. मग घर पाहिले जाते. देरासर किंवा स्थानक जवळ आहे का, नात्यातले कोणी शेजारी आहे का, याची चौकशी होते. मुलांच्या शाळेचा विषय मात्र मे महिन्याच्या अखेरीस निघतो आणि ‘जवळ असेल ती पाहू’ एवढ्यावर संपतो. माझी ३६ वर्षे बँकेच्या नोकरीत गेली आणि त्या काळात ९ बदल्या झाल्या. त्या अनुभवातून माझे मत असे बनले आहे की, घरात आठवी ते दहावीच्या उंबरठ्यावरचे मूल असेल तर हा क्रम उलटा असावा. आधी शाळा ठरावी, मग घर, आणि दुकानाने त्या दोहोंशी जमवून घ्यावे.

आमचे मूळ गाव अक्कलकुवा. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हे तालुक्याचे ठिकाण १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निर्माण होईपर्यंत धुळे जिल्ह्यात होते. गावाला रेल्वे नाही. गाडी गाठायची तर तळोद्यावरून तापी ओलांडून नंदुरबारला जावे लागते. पश्चिमेस खापर मागे पडले की लवकरच गुजरातची हद्द लागते आणि रस्ता सागबारा, डेडियापाडा करीत अंकलेश्वरकडे जातो. मोलगी, डाब या डोंगरातील गावांची मुले शिक्षणासाठी खाली उतरून आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहतात. त्यांच्या दृष्टीने अक्कलकुवा हेच शहर! अक्कलकुव्याचा व्यापारी नंदुरबारकडे पाहतो, नंदुरबारचा सुरतेकडे वा नाशिककडे, आणि नाशिकचा पुण्याकडे. प्रत्येकाची चांगली शाळा पुढच्या गावात असते.

पूर्वीच्या पिढ्यांनी या प्रश्नाची दोन उत्तरे शोधली होती. पहिले उत्तर असे की, कुटुंबाने गावीच राहावे आणि मुलाला आश्रमात किंवा बोर्डिंगमध्ये ठेवावे. कारंजा येथील महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ चा, चांदवडचा नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ चा, कुंभोजजवळील बाहुबलीचा आश्रम १९३४ चा. खेड्यापाड्यांत दुकान मांडून बसलेल्या अनेक कुटुंबांची मुले अशा संस्थांमुळे शिकली. दुसरे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले होते. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे शाळाच खेड्याच्या दारी नेली. आज तिसरी रीत रूढ होत आहे. मुलांच्या शिक्षणासाठी सारे कुटुंबच हलते. तिन्ही मार्गांचा हेतू एकच. परंतु तिसऱ्या मार्गात घराची घडी, व्यवसाय आणि वृद्ध माणसे हे सारेच पणाला लागते. म्हणून त्याचा हिशेब अधिक काटेकोर हवा.

असा हिशेब अलीकडेच आमच्या घरात झाला. माझ्या पुतण्याचे अक्कलकुव्यात किराणा-भुसाराचे दुकान आहे. सुरतेच्या कापड बाजारात मेव्हण्याबरोबर भागीदारीची संधी चालून आली, तेव्हा त्याची मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत होता. बेत असा ठरला की, मुलाला सुरतेच्या इंग्रजी शाळेत घालायचे. मुलगी मराठी माध्यमात असल्याने तिची दहावी होईपर्यंत तिने आजीजवळ अक्कलकुव्यातच राहायचे. कोणाच्या मनात दुजाभाव होता, असे मी म्हणणार नाही. आजीला सोबत होईल, मुलीचे माध्यम बदलणार नाही, खर्चही वाचेल. कागदावर सारे जुळत होते.

पुतण्याने माझा विचार घेतला, तेव्हा मी एवढेच विचारले, “मुलगा सातवीत आणि मुलगी चौथीत असती, तर हाच बेत केला असता का?” तो काही बोलला नाही. सूनबाईंनी मान खाली घातली. उत्तर आमच्या वहिनींनी दिले. थोरले बंधू गेल्यापासून नातीवर त्यांचा फार जीव. त्या म्हणाल्या, “मला सोबत मिळेल म्हणून मीही गप्प बसले होते. पण माझ्या सोबतीसाठी पोरीची शाळा ठरवू नका.” त्यानंतर चर्चेचा रोखच बदलला. दोन्ही मुले एकत्र राहतील आणि दोघांनाही मानवेल अशी शाळा कोठे मिळेल, हा प्रश्न पुढे आला.

सुरतेत मराठी मुलांची सोय नाही असे नाही. तेथील महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू माध्यमांतही चालतात. परंतु पुतण्याच्या मनात खासगी इंग्रजी शाळा होती, आणि तेथे मुलीपुढे माध्यम व भाषा दोन्हींचा बदल एकाच वर्षी उभा राहिला असता. गुजरातने २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीस गुजराती विषय सक्तीचा केला आहे. महाराष्ट्राने २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य केली आहे. त्यामुळे आज सुरतेस जाऊन दोन वर्षांनी परतण्याची वेळ आली, तर मुलाला दोनदा भाषा बदलावी लागते. आमच्या गावची मुले दुकानात बसून गुजराती, भिली, अहिराणी सहज बोलतात. पण गल्ल्यावर बोलणे निराळे आणि उत्तरपत्रिकेत लिहिणे निराळे. आमचा माल राज्याची सीमा रोज ओलांडतो. मुलाच्या पाठ्यपुस्तकाला ते इतके सोपे नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ याचे संरक्षण ६ ते १४ वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत आहे. तोपर्यंत दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणाने शासकीय वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. नववीपासून हा आधार सुटतो. केंद्रीय मंडळाच्या शाळांत तर विद्यार्थ्याची नोंदणी नववीतच मंडळाकडे होते. म्हणून बदल करायचाच असेल तर तो आठवीच्या आरंभी करावा. नवे गाव, नवे शिक्षक, नव्या मैत्रिणी यांत रुळण्यास एक मोकळे वर्ष मिळते. नववीत येणारे मूल रुळते न रुळते तोच दहावी समोर येते. जवाहर नवोदय विद्यालयाचा विचार करणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सहावीच्या प्रवेशासाठी मूल ज्या जिल्ह्यात पाचवीत शिकते, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी परीक्षा देता येते. पाचवीच्या ऐन मध्यावर जिल्हा बदलल्यास ही संधी हातची जाऊ शकते.

शाळा पाहावी कशी, याविषयी माझी दृष्टी बँकेने घडवलेली आहे. ताळेबंद ३१ मार्च या एका दिवसाचा असतो. कर्ज देताना आम्ही त्याबरोबर खात्यातील वर्षभराची उलाढाल पाहत असू. शाळेच्या दारावरचा निकालाचा फलकही असाच एका दिवसाचा ताळेबंद होय. शंभर टक्के निकाल वाचला की मी विचारतो, गेल्या वर्षी नववीत किती मुले होती आणि त्यांपैकी किती जणांनी याच शाळेतून दहावीचा अर्ज भरला? नववीत ६० आणि दहावीत ४५ असतील, तर उरलेली १५ कोठे गेली? कच्च्या मुलांना नववीतच थांबवून किंवा १७ नंबरचा अर्ज भरायला लावून निकाल उजळ ठेवता येतो. आपले मूल त्या १५ जणांत असणार नाही, याची हमी फलक देत नाही.

त्यानंतर गणित व विज्ञान कोण शिकवते आणि ते शिक्षक शाळेत किती वर्षे आहेत, हे विचारावे. सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असे कायद्याचे परिमाण आहे. वर्गात डोकावले की त्याचा अंदाज येतो. पहिल्या क्रमांकाच्या मुलाची वही सर्वच शाळा दाखवतात. आपण मधल्या बाकावरच्या मुलाची वही मागावी आणि चुकीच्या गणिताखाली शिक्षकांनी नुसती फुली मारली आहे की पुढची पायरी लिहून दिली आहे, ते पाहावे. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे आवारात थांबावे. पिण्याचे पाणी आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप तर नाही ना, हे त्या पंधरा मिनिटांत कळते.

कागदपत्रांच्या बाबतीतही संकोच नको. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक विचारावा. दहावीची मान्यता शाळेला स्वतःची आहे, की मुलांचे अर्ज दुसऱ्याच शाळेच्या नावे भरले जातात, याची खात्री करावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव, आडनाव, जन्मतारीख जुन्या शाळेतच ताडून पाहावी. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा छापले गेलेले नाव दुरुस्त करून घेणे जिकिरीचे असते. राज्य बदलणार असेल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आधीच घ्यावी. एका शहरातील बड्या शाळेत आमच्याकडे ‘विकास निधी’ मागण्यात आला आणि पावती मिळणार नाही, असेही सांगण्यात आले. महाराष्ट्रात देणगी शुल्कास १९८७ च्या कायद्याने मनाई आहे. पुतण्या रक्कम मोजण्यास तयार होता; पण जी संस्था पावती देत नाही ती मुलांना हिशेब काय शिकवणार, असे म्हणून आम्ही तेथून उठलो.

वसतिगृहाचाही विचार झाला. आपल्या घरांतील मुलांच्या बाबतीत तेथे दोन साधे प्रश्न विचारावे लागतात. कंदमुळाविना भाजी मिळेल का, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का? ही सोय असलेली वसतिगृहे आहेत. परंतु नातीला घर सोडून राहायचे नव्हते आणि तिने ते स्पष्ट सांगितले. ज्याला रोज शाळेत जायचे आहे त्याचे मत शेवटी विचारण्याची आपली रीत आहे. आम्ही ते आधी विचारले, याचे मला समाधान वाटते.

अखेरीस नंदुरबार ठरले. मराठी माध्यमाची, पण गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी सेमी इंग्रजी शाळा दोन्ही मुलांसाठी निवडली. शाळा नक्की झाल्यावर तेथून पायी जाता येईल असे दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. सुरतेची भागीदारी पुतण्याने तीन वर्षे पुढे ढकलली. याची किंमत लहान नाही. तो आठवड्यातील चार रात्री अक्कलकुव्यात आईजवळ राहतो, उरलेल्या दिवशी आईबरोबर सूर्यास्तापूर्वी जेवून नंदुरबारची वाट धरतो. हंगामात गिऱ्हाईक तुटते. मुलगा ‘पप्पा कधी येणार’ असे विचारतो. नातीला पहिल्या घटक चाचणीत बीजगणितात २० पैकी ७ गुण मिळाले. इंग्रजी शब्दच अडत होते. तिच्या बाईंनी तिला मराठी-इंग्रजी संज्ञांची वही करायला लावली. दुसऱ्या चाचणीत ११ मिळाले. हे मोठे यश नव्हे. पण शाळा निवडताना आम्ही जे शोधत होतो ते हेच होते. मागे पडलेल्या मुलीजवळ कोणी तरी थांबले.

प्रत्येक कुटुंबाने गाव सोडावेच, असे मी सुचवीत नाही. अक्कलकुव्यात शिकून पुढे गेलेली मुले माझ्या परिचयाची आहेत, आणि शहरातील महागड्या शाळांत कोमेजलेली मुलेही मी पाहिली आहेत. जायचे असेल त्यांनी मे महिन्याची वाट पाहू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरल्या की कामाच्या साध्या दिवशी आई, वडील आणि मूल असे तिघांनी मिळून दोन-तीन शाळा पाहाव्यात. घरात मुलगा आणि मुलगी दोघे असतील, तर दोघांसाठी तेच प्रश्न विचारावेत. दुकानाचे भाडे तोवर ठरले नाही तरी चालेल. दुकानाला वर्षभराने दुसरी जागा मिळते, मुलीची आठवी मात्र एकदाच येते.