मायचा आयतवार



परदेशात राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, पगार किती होता? दुसरा, परत कायले आली? चळवळीतली पोरं तिसराही विचारतात: "ताई, समाज इथं जळत असताना तुम्ही तिकडं फिरत होत्या?" तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकदाच लिहून टाकावं म्हणून हा लेख. थोडा खासगी आहे. चालवून घ्या.

मी बार्शीटाकळीची. बाप हमाल होता, माय अजूनही रोजमजुरीनं जाते. सोयाबीन सोंगणं, कापूस वेचणं, निंदण, जे मिळेल ते. मी अकोल्याला रेल्वेनं जाऊन-येऊन शिकले, अमरावती विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केलं, मग बी.एड. तीन वर्षं तासिका तत्त्वावर राबले. कायम नोकरीसाठी संस्थाचालक जो आकडा सांगत होते, तो आमच्या तीन पिढ्यांनी मिळूनही पाहिला नव्हता. म्हणून २०१७च्या मे महिन्यात बँकॉकजवळच्या एका शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून गेले. दोन वर्षं राहिले. माझ्या वर्क परमिटवर साल होतं २५६०. तिथं सरकारी कालगणना बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून मोजतात. तो कागद हातात आला तेव्हा डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

पहिल्या फोनवर मायनं विचारलं, "पानी कोठी पेतं वं?" मी म्हटलं, शाळेत मशीन आहे, सगळे तिथंच पितात. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सगळे? मंग बरं हाय." तुम्हाला यात गंमत वाटेल. पण बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, कोलंबिया आणि लंडनचं शिक्षण घेऊन आलेले, तरी तिथल्या सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या भांड्यावरून आक्षेप घेतलाच होता. मायनं हे वाचलेलं नाही. तिला विचारायचा प्रश्न मात्र बरोबर माहीत होता.

आता थेट मुद्द्यावर येते. तिथं जात नव्हती का? होती. दोन प्रकारची होती.

पहिला प्रकार म्हणजे 'नेटिव्ह स्पीकर'. थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायचं असेल तर ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांचा पासपोर्ट असलेला माणूस जन्मानेच इंग्रजीवाला. बाकीच्यांनी टोइक किंवा आयेल्ट्सच्या परीक्षेचे गुण दाखवायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर एक इंग्रज पोरगा बसायचा. त्याची पदवी खेळाच्या व्यवस्थापनाची. पोरगा मनानं चांगला होता, प्रेझेंट परफेक्ट शिकवायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं यायचा, "हे नेमकं का वापरतात गं?" असं विचारायचा. मी समजावून सांगायचे. त्याचा पगार माझ्या दीडपट होता.

ज्ञान एकाकडं आणि मान दुसऱ्याकडं, हे आपल्याला नवीन आहे का? जन्मावरून योग्यता ठरवायची आणि बाकीच्यांनी आयुष्यभर परीक्षा देत राहायचं, ही व्यवस्था आपण पुरती ओळखून आहोत. पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपला युक्तिवाद कच्चा राहतो. 'नेटिव्ह'चा भेद म्हणजे जात नव्हे. त्या भेदानं माझं पाणी तोडलं नाही, वस्ती वेगळी केली नाही, कोणाशी लग्न करायचं ते सांगितलं नाही. कंटाळा आला की नोकरी सोडून मी विमानात बसू शकत होते. जातीतून विमानानं बाहेर पडता येत नाही. प्रत्येक अन्यायाला जात म्हटलं की जातीचा अन्याय पातळ होतो. साम्य दाखवा, पण फरकही दाखवा.

दुसरा प्रकार आपला अस्सल देशी. शनिवार-रविवारी तिथले भारतीय एकत्र मिळून फिरायला जायचे. एका ग्रुपमध्ये मराठी चार-पाच जण होते, त्यांनी मला बोलावलं. अयुथ्याला व्हॅननं गेलो. पोहे, चिवडा, गाणी, सगळं छान. परतताना एका वहिनींनी विचारलं, "तुझं पूर्ण नाव काय गं?" मी सांगितलं. "अकोल्याकडचे का? म्हणजे कोण तुम्ही?" मी म्हटलं, बौद्ध. "अय्या, मग तुला तर हा देश घरच्यासारखाच!" असं म्हणून त्या हसल्या. पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. कोणी अपमान केला नाही, भांडण नाही. फक्त व्हॅनमध्ये जागा नव्हती. समुद्र ओलांडला की जात बुडते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही रिकामी न झालेली सीट ध्यानात ठेवावी.

मग मी एकटीनं फिरायला सुरुवात केली. आणि खरं सांगते, तिथूनच माझं शिक्षण सुरू झालं.

पुन्हा अयुथ्याला गेले, या वेळी थर्ड क्लासच्या रेल्वेनं. वीस बाहतच्या आसपास तिकीट, उघड्या खिडक्या, वर गरगरणारे पंखे, डब्यात टोपल्या घेऊन फिरणाऱ्या बाया. अकोला-पूर्णा लाइनची आठवण यायची. अयुथ्या ही चौदाव्या शतकात वसलेली राजधानी, नाव आपल्या अयोध्येवरून घेतलेलं. १७६७ साली बर्मी सैन्यानं ती उद्ध्वस्त केली. तिथं वाट महाथात म्हणून पडका विहार आहे. झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं शिर तिथंच आहे, फोटोत तुम्ही पाहिलं असेल. फोटो काढायचा तर खाली बसून काढायचा, बुद्धाच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर नको, अशी तिथली रीत. मी बसले. पण मनात आलं, आमच्या विहारात मूर्तीला वाकतो ते देव म्हणून नव्हे, शिकवणारा म्हणून. इथं लोक गळ्यात ताईत घालतात, चौकाचौकात ब्रह्मदेवाला फुलं वाहतात, वर बौद्धही असतात. बावीस प्रतिज्ञा घेऊन मोठी झालेली मी, मला हे पचेना. बौद्ध देश म्हणजे आपोआप धम्माचा देश, हा माझा समज तिथं गळून पडला.

नंतर नाखोन पाथोमला गेले. तिथला स्तूप सुमारे १२० मीटर उंच आहे, जगातल्या सर्वांत उंच स्तूपांत त्याची गणना होते. त्या भागात द्वारवती काळातली दगडी धम्मचक्रं सापडलेली आहेत. त्याच प्रांतात धम्मानंदा भिक्खुणींचा विहार आहे. या बाई आधी विद्यापीठात प्राध्यापक होत्या. २००३ साली त्यांनी श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेतली. श्रीलंकेत का? कारण थायलंडच्या संघाचा १९२८चा आदेश आहे की भिक्खूंनी बायांना दीक्षा देऊ नये. बुद्धानं महाप्रजापतीला संघात घेतलं, आणि बुद्धाच्या देशात अडीच हजार वर्षांनंतर बाईला दुसऱ्या देशात जावं लागतं! मित्रांनो, हे आपल्याकडंही लागू आहे. आपल्या विहाराच्या कमिटीत बाया किती आहेत ते मोजा. खीर वाटायला नव्हे, कमिटीत.

आणि मग कांचनाबुरी. क्वाय नदीवरचा पूल बघायला जगभरचे प्रवासी येतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, जपानी सैन्यानं थायलंड ते ब्रह्मदेश अशी ४१५ किलोमीटर रेल्वे बांधून घेतली. सुमारे साठ हजार युद्धकैदी त्यावर राबले, त्यातले बारा हजारांवर मेले. गावात त्यांचं स्मशान आहे. जवळपास सात हजार कबरी, हिरवळ कापलेली, प्रत्येक शिळेवर नाव, वय, पलटण. मी तासभर नावं वाचत फिरले. एकोणीस-वीस वर्षांची पोरं होती. वाईट वाटलं.

पण त्याच रुळांवर दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूरही राबले. त्यात मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर हजारोंनी होते, आणि त्या मळ्यांवर आदि-द्रविड जातींची माणसं बरीच होती. कैद्यांपेक्षा कितीतरी पट जास्त मजूर मेले. नव्वद हजारांपर्यंत अंदाज सांगतात. अंदाजच सांगतात, कारण कोणी मोजलंच नाही. त्यांच्या नावाची शिळा मला त्या हिरवळीवर एकही दिसली नाही. पुलावर आले तेव्हा सगळे फोटो काढत होते. माझ्या डोळ्यांसमोर बाप आला, पाठीवर पोतं घेतलेला. तोही मेला तेव्हा ज्या मालकाकडं तो वीस वर्षं राबला, त्याच्या वहीत त्याचं पूर्ण नाव नव्हतं.

त्या रात्री मायला फोन केला. "कोठी गेलती?" मी सांगितलं, फिरायला, आज रविवार ना. माय म्हणाली, "आयतवार तुमाले असते वं, नोकरीवाल्याइले. मले तं आयतवार मालूमच नाही. काम नसलं का उपाशी, काम असलं का आयतवारबी सोमवार."

हे वाक्य मला झोपू देईना. मी तिथं हक्कानं उपभोगत होते तो रविवार आला कुठून? आपल्या देशात तो कोणी साहेबानं खुशीनं दिलेला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. पुढं बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. त्याचा १९४८ साली कायदा झाला. त्या कायद्याच्या परिशिष्टात शेतमजुरी होती. आणि कलम १३ मध्ये सात दिवसांतून एक दिवस विश्रांती आणि त्या दिवसाचं वेतन ठरवून देण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. म्हणजे मायचा आयतवार कागदावर १९४८ पासून शक्य होता. बार्शीटाकळीच्या वावरात तो कधी पोहोचलाच नाही.

आणि प्रवासाचं काय? बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या, त्यांचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात १९३४ सालची एक सहल आहे. कार्यकर्त्यांसोबत ते वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला बघायला निघाले होते. दौलताबादला रस्त्याची धूळ धुवायला तळ्याच्या पाण्यानं हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून लोक अंगावर आले. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो शिपाई सोबत देऊन, आत कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून. जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांचा पदवीधर, आणि एक दिवसाची सहल सुखानं करता आली नाही.

म्हणून चळवळीतल्या त्या पोरांना माझं उत्तर असं आहे. मी फिरत होते, होय. फिरणं ही चैन नाही. ज्यांच्या आजोबाला गावात शिरताना आवाज द्यावा लागत होता, त्यांच्या नातीनं तिकीट काढून, खिडकीपाशी बसून, एकटीनं परक्या गावात उतरणं, हाही हक्क बजावणंच आहे. इंग्रजी हे त्याचं तिकीट आहे. सावित्रीबाईंनी या भाषेला माऊली म्हटलं ते उगाच नाही. पण फिरून आलेल्यानं परत येऊन हिशेब दिला पाहिजे. तो दिला नाही तर मात्र ती चैन.

माझा हिशेब एवढाच. २०१९ला परत आले. दर रविवारी सकाळी विहारात इंग्रजीचा वर्ग घेते. पोरी जास्त येतात, कापूस वेचणीच्या दिवसांत कमी होतात. वर्षातून एकदा सहल काढतो. पहिली सहल वेरूळ-दौलताबादची काढली. मायला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, "आन त्या दिवसाची मजुरी कोन देते?" मी म्हटलं, मी देते. ती चिडली. "तू कायले देशीन? काम का तुह्या वावरात करतो मी?"

ती आली, मजुरी बुडवून. किल्ल्याच्या पायऱ्या अर्ध्याच चढली. खाली सावलीत बसून नळाचं पाणी प्यायली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांकडं बघत राहिली. पोरींनी मला वरून हाक मारली तेव्हा मी तिला विचारलं, कसं वाटते? "बरं वाटते," म्हणाली, "पन उद्याले लवकर जा लागीन."

तिचा प्रश्न बरोबर होता. मजुरी मी द्यायची नाही, ज्याच्या वावरात ती राबते त्यानं द्यायची. कायद्यानं द्यायची. आपण जयंतीची वर्गणी गोळा करतो, मिरवणूक काढतो, तेही करू. पण आपल्यातल्या किती शाखांनी शेतमजूर बायांच्या भरपगारी सुट्टीसाठी तहसीलवर एक तरी निवेदन दिलं? लोखंड्यांनी गिरणीसाठी जे केलं, ते वावरासाठी करायचं राहून गेलं आहे. नोकरी करणाऱ्या, परदेश बघितलेल्या आपल्यासारख्यांनी येत्या रविवारी आपल्या घरात एवढंच विचारावं: आज सुट्टी कोणाला आहे, आणि कोणाला नाही?

जयभीम. नमो बुद्धाय.