चेनची ढील

आमचं घराणं वैदिकांचं. काशीत रामघाटावरून वर आलं की पक्क्या महालाच्या दगडी गल्ल्या लागतात. या काठाला मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि घाटावरच सांगवेद विद्यालय आहे. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, मात्र डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये फिटरची नोकरी धरली आणि कामावर जायला बुलेट घेतली. रविवारी ओसरीवर काकांकडे मुलांची संथा चाललेली असायची आणि अंगणात परातीत चेन रॉकेलमध्ये बुडवलेली असायची. मला ओढ होती ती परातीची.

काशीत चेनचा खरा वैरी गंगेचा गाळ. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर राहतात, आणि वाळले की ती बारीक रेती गल्लीगल्लीत उडते. तेलकट चेनवर ती बसली की कानशीच लागली म्हणायची. चेन लांबते ती पोलाद ताणलं जातं म्हणून नव्हे. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश झिजतं. एका सांध्यातली झीज डोळ्यांना दिसतही नाही, पण सगळ्या सांध्यांची बेरीज झाली की चेन उघड लांब झालेली असते. हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर चेन काढली, तेव्हापासून तिची रचना हीच आहे आणि झिजण्याची जागाही हीच.

1978 च्या सप्टेंबरात गंगा 73.90 मीटरवर गेली होती. धोक्याची खूण 71.26 ची. गाडी वेळीच वरच्या अंगाला नेऊन ठेवली होती, तरी नंतर कितीतरी दिवस रस्त्याचा चिखल चेनमध्ये जातच होता. आण्णांनी त्या वेळी जुनी पद्धत काढली. चेन रॉकेलने धुऊन, सुकवून, एका पत्र्याच्या डब्यात ग्रीस शेगडीच्या मंद आचेवर पातळ केलं आणि चेन त्यात सोडली. ग्रीस रोलरच्या आत शिरताना बारीक बुडबुडे वर यायचे. ते थांबेपर्यंत चेन बाहेर काढायची नाही. मग ती तारेला टांगून निथळत ठेवायची. आईने तो डबा स्वयंपाकघराच्या आसपासही येऊ दिला नाही, आणि ते योग्यच होतं.

चेन चढवताना लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं, हे त्यांनी मला पाढ्यासारखं पाठ करायला लावलं. उलट बसलेली क्लिप कशाला घासली तर निघून जाऊ शकते. मागच्या गरारीवरची चेन बोटांनी मागे ओढून पाहायचे. अर्धा दाता उघडा पडला तर चेन संपली. दाते एका अंगाला आकड्यासारखे वळले असतील तर गरारीही गेली. झिजलेल्या गरारीवर नवी चेन घालणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. मलाही नाही. वाचवलेले पैसे काही महिन्यांत दामदुप्पट जातात.

पण त्यांचा सगळा जीव होता तो ढिलीत. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेल्या नातेवाइकांना ते कँट स्टेशनवरून आणायचे, मागे पाहुणे आणि त्यांच्या मांडीवर बोचकं. रिकाम्या गाडीवर नीटनेटकी दिसणारी चेन अशा ओझ्याखाली ताठ होते. कारण मागचं चाक धरणारा चिमटा ज्या खिळीवर फिरतो ती आणि पुढची गरारी यांचे मध्य एका जागी नसतात. ओझ्याने चिमटा वर गेला की चाक आणि पुढची गरारी यांच्यातलं अंतर बदलतं. गरारी, खिळी आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त. ढील मोजायची ती त्या क्षणासाठी. ती नसेल तर ताण गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. म्हणून चाक हळूहळू फिरवून चेनची सर्वांत ताठ जागा शोधायची आणि तिथे, खालच्या पट्टीच्या मध्यावर, इंचभर खेळ ठेवायचा. “सैल चेन आवाज करते, बाळा,” आण्णा म्हणायचे. “ताठ चेन गप्प राहून बेअरिंग खाते.”

एक्सलच्या दोन्ही बाजूंना खाचांचे कॅम. दोन्हीकडे सारखीच खाच धरायची, आणि तरीही मागच्या टायरला सूत लावून ते पुढच्या चाकापर्यंत ताणून पाहायचं. खाचा कारखान्यातल्या, चिमटा मात्र गल्लीतले दगड खाल्लेला, विश्वास सुतावर.

नोकरीने मला पुण्याला आणलं. आताच्या माझ्या गाडीच्या चेनमध्ये रबरी ओ-रिंग आहेत. ग्रीस आत कायमचं बंद, त्यामुळे तिला शेगडीवर चढवणं म्हणजे तिचा जीव घेणं. तारेचा ब्रशही तिला चालत नाही. रॉकेल, मऊ ब्रश, फडकं आणि वरून थोडं नव्वद नंबरचं तेल. ढिलीचा आकडा चिमट्यावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. बाकी काहीही बदललेलं नाही.

लेक आता पाना स्वतः धरते. चेन आणि मागची गरारी यांच्यामध्ये फडक्याची घडी घालून चाक मागे फिरवायचं, म्हणजे एक्सल पुढे ओढला जाऊन ॲडजस्टरला टेकतो, आणि तसाच धरून नट आवळायचा, हे तिला मी दाखवलं. आवळून झाल्यावर तिने मोजपट्टी लावली. खेळ पाच मिलिमीटरने कमी भरला. मी काही बोलायच्या आत तिने नट पुन्हा सैल केला.